हूल उठण्याआधी



गोष्ट यंदाच्या आवणीतली आहे. पाडा आपल्याच भागातला. नाव लिहीत नाही, कारण उद्या हीच गोष्ट कुठल्याही पाड्यावर होऊ शकते. सकाळी माणसं शेतात उतरली होती, रोपांच्या मुठी बांधून ठेवल्या होत्या. तेवढ्यात ओळखीचाच एक पोरगा सायकलवरून ओरडत गेला, "आज शेवटला दिस हाय! तालुक्याला जो जाणार नाय त्याचा प्लॉट गेला!" पंधरा-वीस बिऱ्हाडांनी मुठी तशाच चिखलात टाकल्या आणि एस.टी. गाठली. कचेरीबाहेर झाडाखाली एक माणूस टेबल मांडून बसला होता. त्याने माणशी पन्नास रुपये घेतले, कागदावर अंगठा घेतला आणि "तुमचं काम झालं, जा" म्हणून सांगितलं.

त्या दिवशी कसलीही मुदत संपत नव्हती. वनहक्काच्या दाव्याला फी लागत नाही. दावा गावातच, आपल्या वनहक्क समितीकडे द्यायचा असतो, तालुक्याला झाडाखाली नाही. त्या कागदावर काय लिहिलं होतं हे आजपर्यंत कोणी सांगू शकलेलं नाही, कारण कोणी तो वाचला नाही आणि वाचून दाखव असंही कोणी म्हटलं नाही.

पन्नास रुपये गेले, एक दिवसाची आवणी गेली, एवढ्यावर हे थांबलं नाही. पुढच्या आठवड्यात गावात समितीची बैठक झाली तेव्हा ही बिऱ्हाडं आलीच नाहीत. "आमचं झालंय" म्हणून घरी राहिली. समितीच्या वहीत त्यांची नावं नव्हती. कसणाऱ्याची जमीन अशी कागदावरून गायब झाली, आणि गायब झाली हे त्याला कळलंही नाही.

या अंकात आम्ही याच गोष्टीवर लिहिणार आहोत. पण दुसऱ्याकडे बोट दाखवण्याआधी आपलं बोलू.

गेल्या उन्हाळ्यात संघटनेच्याच एका कार्यकर्त्याने तीन पाड्यांवर निरोप धाडला होता की उद्या फॉरेस्टवाले पोलीस घेऊन झोपड्या पाडायला येणार. निरोप कुठून आला हे त्याने विचारलं नव्हतं, आम्हीही विचारलं नाही. माणसांनी तीन रात्री पहारा केला. कोणी आलं नाही. पुढे महिन्याभराने खरोखरच चर खोदायला माणसं आली, तेव्हा बोलावणं गेलं, पण निम्मी माणसं घरातून उठली नाहीत. "मागल्या येळेसारखंच असंल," म्हणाली. त्यांची चूक नव्हती. 'लांडगा आला रे' आम्हीच ओरडलो होतो. ही चूक आमची होती, आणि या पानावर आम्ही ती कबूल करतो.

आता एक जुनी गोष्ट. दर वर्षी १० ऑक्टोबरला आपण हुतात्म्यांना वंदन करतो. गोळीबाराची आठवण सगळ्यांना आहे. पण त्या रात्री माणसं तिथे कशी जमली, ही अर्धी गोष्ट आपण पोरांना सांगत नाही.

१९४५ चं साल. मे महिन्यात झरी गावात वारल्यांची परिषद झाली होती. कॉम्रेड शामराव आणि गोदावरी परुळेकर किसान सभेचं काम करत होते. वेठबिगार आणि लग्नगडी पद्धत मोडायला लागली होती. माणूस मान वर करून बोलायला लागला होता. पावसाळा सरला आणि गवतकापणीच्या मजुरीवर संपाची हाक गेली. सावकार-जमीनदारांच्या पोटात गोळा आला. मारून बघितलं होतं, धमकावून बघितलं होतं. मग त्यांनी दुसरी युक्ती काढली.

पाड्यापाड्यावर निरोप फिरला की तलवाड्याला रात्री सभा आहे, बाई येणार आहे. जमीनदारांनी बाईला मारायला गुंड जमवलेत, तेव्हा काठ्या-कोयते घेऊन या. हा निरोप किसान सभेचा नव्हता. सभा ठरलेलीच नव्हती. आणि ज्यांनी हा निरोप पसरवला त्यांनीच तिकडे पोलिसांना कळवलं की आदिवासी हत्यारं घेऊन आमच्यावर चाल करून येताहेत. रात्रीतून हजारो माणसं तलवाड्याला जमली. पोलीस आले. त्यांना हत्यारबंद जमाव दिसला, म्हणजे सांगितलं होतं तसंच दिसलं. गोळ्या सुटल्या. जेठ्या गांगड आणि आणखी चार जण, असे पाच जण मेले. जखमी किती तरी झाले. गोळ्या सुटल्या तरी माणसं जागा सोडायला तयार नव्हती, कारण बाईचा जीव धोक्यात आहे असं त्यांना वाटत होतं.

या गोष्टीकडे नीट बघा. ती माणसं लोभाने गेली नव्हती. भित्रीही नव्हती. ज्या बाईने आपल्याला माणूस म्हटलं तिच्यासाठी जीव द्यायला ती गेली होती. सावकाराने त्यांच्या मनातली सगळ्यात चांगली गोष्ट हेरली आणि तिच्याच वाटेने खोटा निरोप आत घातला. आपण लबाड निरोपाला फसतो ते असे. घर, पोरं, जमीन, संघटना, देव, ज्याच्यावर आपली माया आहे आणि ज्याचं आपल्याला भय आहे, तिथेच तो येऊन बसतो.

म्हणून "आदिवासी अडाणी, म्हणून फसतो" हे कोणी सांगू लागलं तर ऐकून घेऊ नका. २१ सप्टेंबर १९९५ ला गणपती दूध पितो म्हणून एका दिवसात देशभर हूल उठली. दिल्ली-मुंबईतली शिकली-सवरलेली माणसं वाट्या-चमचे घेऊन देवळाबाहेर रांगा लावून उभी होती. त्यांच्याकडे पुस्तकं होती, टेलिफोन होते, वर्तमानपत्रं होती. सही करता येते म्हणून कोणी वाचत नाही. अंगठा देतो म्हणून कोणी जास्त फसतो असंही नाही. फसतो तो घाईत असलेला आणि एकटा पडलेला माणूस.

मग उपाय काय? बरेच जण म्हणतात, अफवा उठली की खरं काय ते जाऊन सांगायचं. ते करावंच लागतं. पण तोवर उशीर झालेला असतो. एकदा मनात बसलेलं खोटं उपटून काढणं फार कठीण, आणि तेच ते पाच तोंडांतून ऐकलं की खोटंही ओळखीचं वाटतं, ओळखीचं ते खरं वाटतं. आता तर खिशाखिशात मोबाईल आलेत. तलवाड्याच्या निरोपाला पाडे गाठायला रात्र लागली होती, आज तेवढाही वेळ लागणार नाही. म्हणून औषध आधी द्यावं लागतं.

आपल्या म्हाताऱ्या माणसांच्या दंडावर गोल वण असतो तो आठवा. देवीची लस. देवीच्या रोगाने एके काळी गावंच्या गावं साफ व्हायची. लस म्हणजे काय होती? त्या रोगाच्या जातीचंच, पण सौम्य विष जरासं अंगात सोडायचं. दोन दिवस हात सुजतो, ताप येतो, पण शरीर शत्रू ओळखायला शिकतं. पुढे खरा रोग आला तर अंग तयार असतं. १९७५ नंतर आपल्या देशात देवीचा रोगी दिसला नाही.

मनालाही अशी लस देता येते. अमेरिकेत विल्यम मॅकग्वायर नावाचे मानसशास्त्राचे अभ्यासक होते. १९६० च्या सुमारास त्यांनी हे करून बघितलं. जेवणानंतर दात घासावेत, अशासारखी साधी गोष्ट घेतली, जिच्याबद्दल तिथे कोणाच्या मनात शंका नव्हती. काही जणांना त्या गोष्टीच्या बाजूचंच भरपूर सांगितलं. काही जणांना तिच्या विरुद्धचे एक-दोन कच्चे मुद्दे आधी सांगितले आणि त्यांचं उत्तरही दिलं. नंतर सगळ्यांसमोर त्या गोष्टीविरुद्ध जोरदार बोलणं ठेवलं. ज्यांनी फक्त बाजूचंच ऐकलं होतं ते जास्त डळमळले. ज्यांनी विरुद्धचं थोडं आधी ऐकून त्याचं उत्तर बघितलं होतं ते जास्त टिकले. कारण सोपं आहे. ज्या गोष्टीला कोणी कधी हात लावला नाही, तिला कुंपण घालायची आठवणच कोणाला होत नाही.

आम्ही हे वाचलं तेव्हा आमची मान खाली गेली. गेली तीन-चार वर्षं आम्ही सभांतून काय केलं? "कायदा आपला आहे, जमीन आपली आहे" अशा घोषणा दिल्या. तुम्हीही जोरात दिल्या. पण कायद्याविरुद्ध कोण काय सांगत येईल आणि तेव्हा काय उत्तर द्यायचं, हे आम्ही बसून कधी शिकवलं नाही. आम्ही फक्त बाजूचंच सांगत राहिलो. म्हणून सायकलवरचा एक पोरगा पंधरा-वीस बिऱ्हाडं उठवू शकला.

तर आज लसीचे पाच डोस देतो. या पाच खोड्या आहेत. खोटं बोलणारा बदलतो, खोडी बहुतेक वेळा याच पाचांतली असते.

पहिली खोडी घाईची. "आजच शेवटचा दिवस." उत्तर असं, की दावे मागवते ग्रामसभा. मागवल्यापासून तीन महिन्यांची मुदत असते, आणि कारण लिहून ती वाढवायचा अधिकारही ग्रामसभेलाच आहे. तेव्हा मुदत संपली की नाही हे आपली ग्रामसभा सांगेल, सायकलवाला नाही. जो विचार करायला एक रात्र देत नाही, त्याचं काम दिवसाउजेडी बघण्यासारखं नसतं.

दुसरी खोडी भीतीची. "दंडाची पावती नसेल तर दावा चालणार नाही. उलट अतिक्रमणाची केस होईल, घर मोडतील." उत्तर असं, की पावती हा एक पुरावा आहे, एकमेव नाही. शेतातली बांध-बंदिस्ती, घर, झोपडी, जुने सरकारी कागद हेही पुरावे आहेत. दावेदार सोडून गावातल्या दुसऱ्या जाणत्या माणसाने सांगितलेलं आणि लिहून घेतलेलं म्हणणं हाही २००८ च्या नियमांत पुरावा आहे. एकाहून जास्त पुरावे जोडा, म्हणजे झालं. आणि दाव्याची पडताळणी पुरी होईपर्यंत वननिवासीला जमिनीवरून हटवता येत नाही, हे कायद्याच्या कलम ४ मध्येच लिहिलं आहे.

तिसरी खोडी लालचेची. ही आपल्याला गोड लागते, म्हणून जास्त वाईट. "आता नवीन जंगल तोडा, पाहिजे तेवढं धरा, सगळं नावावर होणार." उत्तर असं, की १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जी कसत आलो तीच जमीन, तीही जास्तीत जास्त ४ हेक्टरपर्यंत. त्यानंतर तोडलेल्या जंगलावर हक्क मिळत नाही. असं सांगणारा माणूस तुमच्या हातात कुऱ्हाड देतो आणि उद्या तीच कुऱ्हाड पंचनाम्यात दाखवली जाते. खऱ्या दाव्यांनाही मग "हे जंगल तोडणारे" म्हणून नाव पडतं.

चौथी खोडी फुटीची. "त्या पाड्याला मिळालं की तुमचं कमी होणार." वारल्याला कोकण्याविरुद्ध, ठाकराला कातकऱ्याविरुद्ध लावायचं. घरातसुद्धा लावायचं: "बाईचं नाव घातलं की प्लॉटचे दोन तुकडे होतील." उत्तर असं, की एकाचा दावा मंजूर झाला म्हणून दुसऱ्याच्या शेताचा बांध सरकत नाही. आणि नवरा-बायको दोघांच्या नावाने हक्क नोंदवायचा असं कायदाच सांगतो. तुकडे होत नाहीत. उलट एकाला दारू पाजून अंगठा घ्यायची सोय बंद होते.

पाचवी खोडी मोठ्या नावाची. "साहेबांनी सांगितलंय", "मंत्र्यांचा आदेश आहे", "संघटनेचा निरोप आहे." तलवाड्याला हीच खोडी होती. उत्तर एकच: कागद दाखव. आदेश असेल तर त्यावर तारीख, सही, शिक्का असेल. तोंडी नाकारणं म्हणजे नाकारणं नाही. ग्रामसभेच्या निर्णयाने ज्याचं समाधान झालं नाही त्याला ६० दिवसांत उपविभागीय समितीकडे जाता येतं, आणि त्यांच्या निर्णयावर जिल्हा समितीकडे. पण हे सगळं लिहिलेल्या कागदावर चालतं. म्हणून दावा देताना पोच घ्या. वनहक्क समितीने पोच द्यायचीच असते.

हे वाचून बाजूला ठेवलं तर उपयोग नाही. लस टोचून घ्यावी लागते. आम्ही सुचवतो ते असं करा. पुढच्या बैठकीत अर्धा तास काढा. गावातला जो चांगला नकला करतो त्याला दलाल करा. त्याने यावं आणि वरच्या पाचातली एक खोडी खेळावी, खरी वाटेल अशी. बाकीच्यांनी ती कुठली ते ओळखायचं आणि उत्तर द्यायचं. मग दुसऱ्याने दलाल व्हायचं. पोरांना हे फार आवडतं, आणि एकदा स्वतः दलाल झालेला पोरगा खऱ्या दलालाला लांबून ओळखतो. एका पाड्यावर हे करून बघितलं तेव्हा एका म्हातारीने दलाल होऊन अख्ख्या बैठकीला पाच मिनिटांत कागदावर अंगठे द्यायला लावले. सगळे हसले. मग सगळे गप्प झाले. ती गप्प वेळ फार कामाची होती.

बायांना बैठकीत आधी बसवा. हूल पहिली पोचते ती हातपंपावर, आणि तिथेच ती अडवता येते. वनहक्क समितीत एक तृतीयांश बाया असायलाच पाहिजेत असा नियम आहे. जिथे त्यांची नावं फक्त कागदावर आहेत तिथे त्यांना बोलवायला लागा.

प्रत्येक पाड्याने तीन गोष्टी ठरवून घ्याव्यात. कुठल्याही कागदावर त्याच दिवशी अंगठा किंवा सही नाही, एक रात्र मध्ये जाऊ द्यायची. कागद मोठ्याने दोनदा वाचायचा, दोन वेगळ्या माणसांनी. आणि निरोप आला की गावाने नेमलेल्या दोघांनी, एक बाई एक बाप्या, जाऊन खात्री करायची. खात्री करताना विचारायचं: हे कोणी सांगितलं? त्याने डोळ्यांनी पाहिलं की ऐकलं? कागद कुठाय? हे ऐकून आपण धावलो तर फायदा कोणाचा? ते परत येईपर्यंत कोणी काम सोडायचं नाही, कोणी हत्यार उचलायचं नाही.

हे काही नवल नाही. गडचिरोलीत मेंढा-लेखा गावाने वर्षानुवर्षं हेच केलं. तिथे अभ्यास गट बसतो, बाहेरचे जाणकारही बोलावतो, विषय सगळ्या बाजूंनी बघतो. निर्णय मात्र ग्रामसभा करते, आणि सगळ्यांचं एकमत होईपर्यंत थांबते. २००९ साली सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर त्या गावाचा सामूहिक हक्क मंजूर झाला. अशा गावाला कोणी एका सकाळी उठवून पळवू शकत नाही.

एक इशाराही देतो. लस जास्त झाली तर तोही आजार. "कोणावरच विश्वास ठेवू नका, सगळेच चोर" असं म्हणणारा माणूस शहाणा वाटतो, पण तो गाव मोडतो. प्रत्येक गार्ड खोटं बोलतो असं नाही. प्रत्येक अनोळखी माणूस दलाल नसतो. शंका आली म्हणून कोणाच्या अंगावर जायचं नाही. विचारायचं, तपासायचं, आणि खरं निघालं तर मान्य करायचं. हेच आम्हालाही लागू आहे. या पत्रकात लिहिलेलं आहे म्हणून खरं धरू नका. कायद्याची प्रत प्रत्येक समितीकडे असायला हवी. नसेल तर आमच्याकडून न्या, आणि आम्ही लिहिलेलं त्याच्याशी ताडून बघा. चुकलं असेल तर पुढच्या अंकात छापू.

शेवटी त्या पाड्याकडे परत जाऊ. तिथली माणसं आठवडे गप्प होती. फसलो हे सांगायची लाज वाटत होती, आणि ती लाज दलालाच्या कामी येत होती. मग एका बैठकीत एक म्हातारा उभा राहिला आणि म्हणाला, "मी बी पन्नास रुपये दिले. अंगठा बी दिला. आता काय करायचं ते सांगा." कोणी हसलं नाही. त्याच्यामागे एकेक करून सगळे उठले. त्याच बैठकीत प्रत्येकाने लिहून दिलं की त्या कागदावरचा अंगठा फसवून घेतला आहे, आणि नव्याने दावे भरायला घेतले. म्हाताऱ्याने बायकोचं नाव आपल्या नावाशेजारी सांगितलं.

ज्याला फसवलं गेलं त्याला हसू नका, त्याला बैठकीत पुढे बसवा. खोडी कशी होते हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक नाही. येत्या १० ऑक्टोबरला हुतात्म्यांना लाल सलाम करू तेव्हा पोरांना तलवाड्याची गोष्ट पूर्ण सांगा, निरोपासकट.

जल, जंगल, जमीन आपली! ग्रामसभा जिंदाबाद!